आत्तूचा कप

अप्पर हट
८ एप्रिल २०१८

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

तुम्ही सगळे मजेत असाल. इकडे घड्याळं मागे गेल्यापासून ऑफिसातून घरी येईपर्यंत अंधार पडतो आणि लोकांनी लाकडाच्या शेगड्या पेटवायला सुरुवातही केली आहे. शेजारच्या झाडाचे फिजोआ पिकून माझ्या अंगणात पडतात. शेजारीणबाई म्हणतात, तुझ्या बाजूला पडले ते तुझे. तुझ्या आरुषीला आवडतात म्हणून येताना पिशवीभर घेऊन येईन.

फोन आणि व्हॉट्सॲप असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. गेल्या रविवारी फोनवर काय झालं ते आठव. मी बोलायला लागले, मध्येच खोकला आला, आणि तू म्हणालास, “बघ, हेच म्हणतोय मी.” माझं वाक्य तिथेच राहिलं. माझ्या प्रत्येक मुद्द्याला तुझ्याकडे हे एकच उत्तर असतं आणि तेही मीच तुला पुरवते. कागदावर खोकला येत नाही. तेव्हा आता शेवटपर्यंत वाच.

फोनवर तू दोन गोष्टी सांगितल्यास. एक, त्या चायनीज बाईचे काढे बंद कर. दोन, यंदा चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात बुद्धवंदना स्वरदा घेईल, तू नुसती येऊन बस, आलीच पाहिजेस असंही काही नाही. दोन्हींना माझं उत्तर एकच आहे, नाही.

आधी काढ्यांचं.

२०१५ च्या हिवाळ्यात मला टीबी झाला. हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या घरात तो अजून कुणीही उच्चारलेला नाही. खडकीला आईला तू न्यूमोनिया सांगितलास. ऑकलंडच्या मंडळात सांगितलंस की शकुला इथली हवा मानवत नाही. सगळ्या न्यूझीलंडात हवा न मानवलेली मी एकटीच असणार. मला विचारशील तर हॉस्पिटलात कुणालाच या शब्दाची लाज वाटत नव्हती. रोज सकाळी एक माओरी नर्स घरी यायची, फाटकातूनच “किआ ओरा, शकु” म्हणून हाक मारायची, माझ्या समोर बसून मी गोळ्या गिळते का ते बघायची आणि वर माझ्या हातचा चहा पिऊन जायची. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात कोर्स पूर्ण झाला. थुंकी स्वच्छ आली, डॉक्टरांनी हात मिळवला आणि मी बरी झाले.

खोकला मात्र राहिला. चेस्ट क्लिनिकच्या डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. आजाराने श्वासनलिका काही ठिकाणी फुगून ढिल्या पडल्या आहेत, त्यात कफ साचतो. मी दिवसभर पावसाच्या पाण्याचे पाइप आखणारी बाई, मला लगेच कळलं. गाळ उपसून झाला तरी जिथे पाइप फुगला तिथे पाणी साचणारच. तिथल्या फिजिओने श्वासाचे आणि कफ काढायचे व्यायाम शिकवले. ते मी आजही रोज सकाळी करते. थंडीत इन्हेलर घेते. हे नीट वाच, कारण तुझी समजूत अशी आहे की मी सगळं सोडून झाडपाल्यावर आले आहे.

मागच्या हिवाळ्यात या खोऱ्यात धूर इतका भरायचा की मीटिंगमध्ये माझं एक वाक्य पुरं व्हायचं नाही. ट्रेनमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी राहायची. लोक हळूच उठून दुसऱ्या डब्यात जायचे, वर “सॉरी” म्हणायचे. एक दिवस लोअर हटला उतरले, एका दवाखान्याच्या काचेवर इंग्रजीत दमा, खोकला असं लिहिलेलं दिसलं आणि आत गेले. आत जाताजाताच खोकल्याची उबळ आली. तिथल्या डॉक्टरीणबाई, मिसेस लिन, आपला चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी त्याच ट्रेमधला दुसरा कप उचलला, किटलीतलं कोमट पाणी ओतलं आणि माझ्या हातात दिला. खोकला थांबेपर्यंत समोर बसून राहिल्या. मग विचारलं, काय झालं होतं? मी म्हटलं टीबी. त्या म्हणाल्या, आमच्या घरात आजोबांना होता, मावशीला होता. सर्दी झाली होती असं सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

तू म्हणालास, नाडी बघून औषध देणाऱ्या बाईकडे शिकलेली माणसं जात नाहीत. दादा, त्यांनी नाडी बघितली, जीभही बघितली. पण त्याआधी हॉस्पिटलचे कागद मागितले. टीबीचे जंतू हे हॉस्पिटलचं काम, ते मेले आहेत हे आधी दाखव, मग मागे उरलेल्या खोकल्याचं मी बघते, असं त्यांनी साफ सांगितलं. काढ्यात काय काय आहे ते मी माझ्या नेहमीच्या डॉक्टरला, जीपीला सांगितलं. टीबीच्या गोळ्यांनी माझं लिव्हर एकदा रुसलं होतं, म्हणून जीपी अधूनमधून रक्त तपासते. तिचं म्हणणं, या काढ्यांबद्दल खात्रीचा पुरावा ढीगभर आहे असं नाही, पण रिपोर्ट नीट येतायत आणि व्यायाम सोडणार नसशील तर माझी ना नाही. काढा कडू असतो. लसणाच्या पाकळ्यांसारखे दिसणारे लिलीचे वाळलेले कांदे, कसल्या कसल्या मुळ्या आणि आपलं ज्येष्ठमध. पहिल्यांदा पुडीत ज्येष्ठमध दिसलं तेव्हा आई आठवली.

आता कफ सुटतो. झोप लागते. मीटिंगमध्ये बोलते. काढ्याने झालं, व्यायामाने झालं की नुसता काळ गेला म्हणून झालं, हे मला माहीत नाही आणि माहीत असल्याचं सोंगही मी आणत नाही. पण वंदनेची एक ओळ मी आता एका श्वासात म्हणू शकते. मागच्या वर्षी म्हणू शकत नव्हते. काढा बंद करायचा की नाही ते मी आणि माझी जीपी ठरवू.

“आपण विज्ञान मानणाऱ्या घरातली माणसं,” असं तू म्हणालास. बरं, विज्ञानाचंच बोलू. माझा आजार कळला तेव्हा पब्लिक हेल्थच्या बाईंनी विचारलं, नुकतं कुणाकडे राहिली होतीस? मी तुमची नावं सांगितली. सांगायलाच हवी होती. तुमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, आरुषीला सुई टोचली म्हणून वहिनी रडल्या, आणि सगळे रिपोर्ट चांगले आले. पुढे माझेही चांगले आले. म्हणजे विज्ञानाने जे सांगायचं ते सांगून झालं आहे. तरीसुद्धा तुमच्या घरात

ते राहू दे.

वंदनेचं बोलते. खडकीच्या विहारात आई वंदना घ्यायची. ती ओळ सोडायची आणि वस्तीची सगळी लाइन, फॅक्टरीतून थेट आलेली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बायका, तिच्या मागून म्हणायची. मी तिच्या पदराला धरून उभी असायचे. ऑकलंडला मंडळ सुरू झालं तेव्हा पहिली वंदना मी घेतली, कारण मला आईची चाल येत होती. तेव्हा मी स्टुडंट व्हिसावर होते आणि हॉलमध्ये सगळी मिळून एका गाडीत मावतील इतकीच माणसं होती. तेव्हापासून दर वर्षी मी विमानाने येऊन वंदना घेते आहे. आजारपणातून नुकती उठले होते ते वर्ष सोडलं तर एकदाही चुकलेली नाही. मागच्या वर्षी मध्ये दम लागला, दोनदा थांबावं लागलं, हे खरं आहे. पण थांबले आणि पुन्हा म्हटलं. कुणाचं पुण्य कमी झालं असेल तर मला कळवा.

आणि तू मंडळाचा सचिव. ग्रुपवर परस्पर टाकलंस, “यंदा वंदना स्वरदा घेतील.” टाकानिनीला राहणारी ती मुलगी गोड आहे, आवाज चांगला आहे, तिच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तिला शिकवायला मला आवडेल. पण मला विचारून तू हे केलं असतंस तर. तू म्हणालास, नवीन लोक आलेत, मुलंबाळं असतात, तू खोकत असतेस, लोक काय काय विचारतात. काय विचारतात दादा? टीबी आहे का, हेच ना? मग सांग ना, होता, बरा झाला. तीन शब्दांचं उत्तर आहे. ते तुझ्या तोंडातून निघत नाही म्हणून माझं तोंड बंद करायचं?

वर तुला माझ्या लग्नाची काळजी. हा शब्द बाहेर गेला तर कसं व्हायचं म्हणे. माझं वय तुला माहीत आहे. ज्याला माझा एक जुना आजार सोसणार नाही, तो माणूस माझं बोलणं तरी कसं सोसणार?

मगाशी एक वाक्य अर्धं सोडलं. ते सोडायचं नाही असं ठरवून लिहायला बसले होते, तरी हात थांबला. आता लिहून टाकते.

तुमच्या घरात माझा कप वेगळा आहे.

पांढरा, त्यावर तुई पक्षी असलेला. छान आहे कप. बाकीचे कप कपाटात असतात, हा मायक्रोवेव्हच्या वर असतो. बाकीचे डिशवॉशरमध्ये जातात, हा वहिनी वेगळा हाताने धुतात. मी बरी होऊन पहिल्यांदा तुमच्याकडे हिल्सबरोला आले तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठी खास आणला. मी खूश झाले, दादा. पुढच्या खेपेला आरुषीला दूध द्यायला मी हाताशी आलेला तो कप घेतला, तर ती मागे सरकली. म्हणाली, “नो, दॅट्स आत्तूज कप. वी डोन्ट टच इट.” तिचा काही दोष नाही. तिला जे सांगितलं तेच ती बोलली. वहिनी सिंककडे तोंड करून उभ्या होत्या. तू हॉलमध्ये होतास, टीव्हीचा आवाज तू त्याच वेळी वाढवलास.

मी कप ठेवला, दुसरा घेतला आणि दूध दिलं. त्यानंतर जितक्या वेळा आले तितक्या वेळा मी त्याच कपातून चहा प्यायले. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी तरी वहिनी कपाटातला काढतील.

बाबा चौदा एप्रिलला काय सांगायचे? गावच्या हॉटेलच्या बाहेर कोनाड्यात आपल्या माणसांची कपबशी वेगळी ठेवलेली असायची. स्वतः काढायची, पैसे लांबून टाकायचे, चहा लांबून ओतून घ्यायचा, स्वतः धुऊन पुन्हा कोनाड्यात ठेवायची. बाबा खडकीला आले आणि ठरवलं, माझ्या दारात येईल त्याला माझ्याच घरच्या कपात चहा. झाडूवाला येवो की फॅक्टरीचा साहेब. हीच गोष्ट तू मागच्या वर्षी स्टेजवर सांगितलीस. चांगली सांगितलीस, लोकांचे डोळे पाणावले. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि सकाळीच तुझ्या घरी त्या कपातला चहा पिऊन आले होते.

म्हणून दादा, मला विज्ञान शिकवू नकोस. रिपोर्ट चांगले आल्यावरही कप वेगळा ठेवणं, याला आपल्याच घरात काय म्हणायचे ते तुला माहीत आहे. आणि मिसेस लिनकडे मी कशाला जाते याचं खरं उत्तर हवं असेल तर ते काढ्यात नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी आपल्या ट्रेमधला कप उचलून माझ्या हातात दिला.

वहिनींना हे पत्र दाखवलंस तरी चालेल. त्या वाईट नाहीत. मी आयसोलेशनमध्ये असताना त्यांनी कुरिअरने चटण्या, लाडू पाठवले, ते मी विसरलेले नाही. आणि ती पहिली भीती मला समजते, घरात लहान मूल होतं. पण सगळं निवळल्यावर जी उरते तिला भीती म्हणत नाहीत, सवय म्हणतात.

शनिवारी सकाळच्या विमानाने येते. एअरपोर्टवर येऊ नकोस, मी बसने येईन. पांढऱ्या साडीला इस्त्री करून ठेवली आहे. माइक मलाच द्या, न दिलात तर मी माइकशिवाय घेईन. आईने कधी माइक वापरला नाही.

मे महिन्यात तुझी वेलिंग्टनला ऑफिसची मीटिंग आहे म्हणालास. तेव्हा अप्पर हटला येऊन जा, असं लिहिणार होते. ते आता शनिवारनंतर ठरवू.

आरुषीला पापा.

यंदाही वंदना घेणारी,
शकु


अप्पर हट
२२ एप्रिल २०१८

प्रिय दादा,

जय भीम.

सुखरूप पोचले हे कळवायचं राहिलं. येताना विमानात फार हलत होतं, बाकी काही नाही. आठवडाभर पाऊस पडतोय, नदीला पाणी चढलंय, ऑफिसात आम्ही सगळे नळ्यांच्या नकाशांवर वाकून बसलो आहोत. आज सवड झाली.

तुझा वहिनींबद्दलचा मेसेज मिळाला, “सुरुचीला वाईट वाटलं, तू चहा न घेता गेलीस.” एवढाच. पत्राबद्दल एक अक्षर नाही, शनिवारबद्दलही नाही. म्हणून दोन्हींबद्दल मीच लिहिते.

हॉलवर पोचले तेव्हा स्वरदा माइकपाशीच उभी होती. मला बघून ती म्हणाली, ताई, तुम्ही येताय हे मला कुणी सांगितलंच नाही, मला वाटलं तुम्हाला जमणार नाही. तिने स्वतःच माइक पुढे केला. मी तिला म्हटलं, तू माझ्या शेजारी उभी राहा. ती राहिली. मग मी काय बोलले ते तू ऐकलंस, पण कुठे चुकून ऐकायचं राहिलं असेल तर पुन्हा लिहिते. मी म्हणाले, “मला टीबी झाला होता. आता बरा झालाय, तो कुणाला लागणार नाही. खोकला तेवढा उरलाय. मध्ये आला तर थांबा, मी पुन्हा सुरू करेन.”

तू साउंडपाशी उभा होतास. माइकचं बटण तुझ्या हाताशी होतं. मी तुझ्याकडेच बघत होते आणि तू ते बंद केलं नाहीस. त्याबद्दल मनापासून आभार, यात टोमणा नाही.

पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीचं दुतियम्पि म्हटलं आणि आला खोकला. चांगला लांबला. स्वरदाने माझ्या पाठीवर हात ठेवला, पण माझी ओळ तिने म्हटली नाही, हे मला फार आवडलं. सगळा हॉल थांबला. पोरंसुद्धा थांबली. खोकला संपला, मी पाणी प्यायले, ती ओळ पुन्हा घेतली आणि सगळ्यांनी माझ्या मागून म्हटली. इतका मोठा आवाज त्या हॉलमध्ये मी याआधी ऐकला नव्हता. दादा, मला रडू आलं नाही. मला फक्त वाटलं, हे इतकं सोपं होतं तर आपण एवढी वर्षं काय करत बसलो होतो?

जेवणाच्या रांगेत मधुकरकाका माझ्या मागे उभे होते, ते मुलाकडे टाकानिनीला राहतात ना, ते. प्लेटमध्ये भात वाढून घेता घेता मला म्हणाले, “मलाही झाला होता गं. लग्नाच्या आधी. हिला अजून माहीत नाही. आज सांगून टाकतो.” काकू पुढेच उभ्या होत्या. मागे न वळता म्हणाल्या, “मला तुमच्या आईने लग्नातच सांगितलं होतं, भात घ्या.” मी इतकी हसले की पुन्हा खोकला आला. कुणीही लांब सरकलं नाही.

आता रविवारचं.

शनिवारी संध्याकाळी तुम्ही दोघं गाडीतून भांडी आत आणत होतात तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटी होते. मायक्रोवेव्हवरचा कप मी उचलला, पांढऱ्या साडीत गुंडाळला आणि बॅगेत ठेवला. चोरला म्हणालास तरी चालेल. माझं पत्र तुम्ही दोघांनी वाचलं होतं, ते वहिनींच्या तोंडावरून कळत होतं. मला बघायचं होतं की तो कप नसला तर काय होतं. दुसरं काही नसेलच हाताशी, तर कपाटातला काढतील, असं माझं मन सांगत होतं.

सकाळी वहिनींनी चहा ठेवला. आरुषी दुधातले वीटबिक्स खात होती, तू तिच्या शेजारी फोन बघत होतास. वहिनींचा हात मायक्रोवेव्हवर गेला. तिथे कप नाही. हात तसाच थांबला. मग त्यांनी कपाट उघडलं. आत सगळे कप ओळीने होते, मी खुर्चीतून बघत होते. वहिनींनी त्या कपांकडे बघितलं, खूप वेळ बघितलं असं मला वाटलं, आणि कपाट बंद केलं. ओट्यावर कार्यक्रमातून उरलेल्या कागदी कपांचं पाकीट होतं. त्यातला एक काढला आणि त्यात माझा चहा ओतला.

आरुषीने विचारलं, आत्तूला पार्टी कप का? तू फोनवरून डोळे वर केलेस, कागदी कप बघितलास, माझ्याकडे बघितलंस आणि पुन्हा खाली बघितलंस.

तो चहा मी घेतला नाही. बॅग उचलली, आरुषीचा पापा घेतला आणि बसस्टॉपवर येऊन उभी राहिले. तू गाडी काढून मागून येशील असं मला कोपऱ्यापर्यंत वाटत होतं. बस वेळेवर आली.

वहिनींना वाईट वाटलं असेल, ते खरंच असेल. त्यांनी ते मला स्वतः सांगावं. तुला काय वाटलं ते तुझ्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं. तू सगळ्या मंडळासमोर बटण दाबलं नाहीस, आणि आपल्या स्वयंपाकघरात उठून कपाट उघडणं तुला जमलं नाही. पोरगी समोर बसली होती, दादा. तिला आपण काय शिकवलं ते तू बघ.

हॉलवर मी बोलले, त्याने माझं काही गेलं नाही. उलट सोमवारी ऑफिसातही सांगितलं. माझा मॅनेजर म्हणाला, स्वीट ॲज, त्यात काय, काही लागलं तर सांग. आईलाही फोन केला. न्यूमोनिया नव्हता, टीबी होता, असं सांगितलं. आई म्हणाली, तुझा आवाज ऐकूनच मला कळलं होतं, आता काढा वेळेवर घेतेस ना? कसला काढा, कुणाचा, हे तिने विचारलंही नाही. ज्येष्ठमध आहे का एवढंच विचारलं. चेस्ट क्लिनिकची तारीखही जवळ आली आहे, तिथेही जाणार आहे. सगळं चालू आहे आणि चालू राहील.

काढा मी आता त्या तुईवाल्या कपातून घेते. चहाही त्यातूनच. माझ्या कपाटात तो बाकीच्या कपांच्या मधोमध ठेवला आहे. परवा मिसेस लिन इकडे कुणाकडे आल्या होत्या, डोकावल्या, तेव्हा त्यांना मी त्यातच चहा दिला. पक्षी छान आहे म्हणाल्या.

मे महिन्यात वेलिंग्टनला येशील तेव्हा ऑफिसचं आटोपून अप्पर हटची ट्रेन पकड. शेवटचं स्टेशन आहे, चुकणार नाही. मी स्टेशनवर घ्यायला येईन. जेवण तुझ्या आवडीचं करीन, भांडणार नाही, पत्रातलं एकही वाक्य पुन्हा काढणार नाही. फक्त चहा मी तुला त्याच कपातून देणार आहे. स्वच्छ धुतलेला असेल. मीही त्यातूनच पिते.

तो प्यायचा असेल तर ये. नसेल तर येऊ नकोस.

बाबांच्या घरातली,
टीबी झालेली आणि बरी झालेली,
तुझी सख्खी बहीण
शकु